हरताळ, खिळे आणि महिरपी कंस

यवतमाळ शहराला चिकटून असलेलं लोहारा बाहेरच्या माणसाला माहीत असतं ते औद्योगिक वसाहतीमुळे. डेनिमचं कापड इथं विणलं जातं आणि जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालयाचा पत्ताही हाच. अभियांत्रिकी महाविद्यालय असलेल्या कुठल्याही गावात शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट रिपोर्ट बांधून घ्यायचे दिवस आले, की छपाईच्या दुकानांपुढे पेनड्राइव्ह घेऊन उभ्या पोरांचा घोळका ठरलेला. रिपोर्टच्या शेवटी कोडची पानं असतात. पडद्यावर त्या कोडला रंग असतो. ‘इफ’ आणि ‘रिटर्न’ निळे, अवतरणातला मजकूर लाल, टिपा हिरव्या.

‘कलरमध्ये काढू का रे?’ दुकानदार विचारतो.

‘किती होतील, भाऊ?’

आकडा ऐकल्यावर पोरगा म्हणतो, ‘राहू द्या. ब्लॅकमध्येच काढा.’ मग निळं, लाल, हिरवं सगळं एका राखाडीत बुडतं. कुणी हौसेनं पिवळा रंग निवडला असेल, तर पांढऱ्या कागदावर ते शब्द जवळजवळ दिसेनासेच होतात. जणू कुणी त्यांच्यावर हरताळ फासला.

हा वाक्प्रचार इथं नुसता शोभेसाठी आलेला नाही. हरताळ हे पिवळंधमक, विषारी खनिज, सोमलाच्या जातीचं. पोथी लिहिताना अक्षर चुकलं, की लहिया त्यावर हरताळाचा लेप देई आणि तो वाळल्यावर त्यावरच दुरुस्त अक्षर लिही. कागदही पुष्कळदा हरताळानंच पिवळसर केलेला असे, त्यामुळे ठिगळ सहज दिसत नसे. शिवाय विषामुळे कसर लागायची भीती कमी. केलेल्या कामावर हरताळ फासणं म्हणजे ते पुसून टाकणं, हा अर्थ इथून आला. बाजार बंद ठेवण्याचा हरताळ वेगळा. तो हाटाला ताळं लावण्यातून आला आणि या पिवळ्या हरताळाशी त्याचं काही नातं नाही.

लहियापाशी दुसरा रंग होता तांबडा. तो हिंगुळाचा असे, अळित्याचा असे किंवा साधा गेरूही चाले. ओळीत शब्द सुटे लिहिण्याची रीत नव्हती. अक्षरामागून अक्षर, मुंग्यांच्या रांगेसारखं. अशा रांगेत वाचणाऱ्याचा डोळा कुठं थांबणार? म्हणून दंड तांबडे, ओवीचा आकडा तांबडा, ‘उवाच’ तांबडं, अध्यायाची समाप्ती तांबडी. पुष्कळदा वेगळ्या शाईनं लिहिण्याइतकीही उसंत नसे. मग काळ्यानं सलग लिहून झाल्यावर हव्या त्या शब्दांवरून गेरूचा हात फिरवला जाई. आजच्या विद्यार्थ्याच्या हातातलं हायलायटर याहून निराळं काय करतं?

यातली खरी मेख देवनागरीच्या घडणीत आहे. रोमन लिपीला मोठी अक्षरं आहेत, तिरपी अक्षरं आहेत. नाव, शीर्षक किंवा जोर दाखवायचा तर तिच्यापाशी हत्यारं तयार आहेत. देवनागरीत लहान-मोठा भेद नाही आणि तिरपं वळण तिच्या परंपरेत नाही. मजकुरातला एक शब्द बाकीच्यांपासून वेगळा काढायचा, तर जाडी, रंग किंवा मोकळी जागा यांच्यावरच भागवावं लागतं. बोरूची जाडी ओळीओळीला बदलत बसणं कठीण. राहिले रंग आणि जागा.

जागेचा विचार मराठीत किती बारकाईनं झाला होता, ते पाहायला ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास उघडावा. त्याचं नावच लेखनक्रियानिरूपण. समर्थ तिथं अध्यात्म बाजूला ठेवून चक्क पानाची मांडणी शिकवतात. पानावर आधी शिशानं रेघा आखून घ्याव्यात. ओळींमधलं अंतर कुठं कमी, कुठं जास्त होऊ नये. वरच्या ओळीची अक्षरं खालच्या ओळीत घुसू नयेत. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत चालावं, सगळं एकाच टाकानं लिहिल्यासारखं वाटावं. हिंगूळ, अळिता हाताशी असावा. आणि चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कडेनं कागद झडला तरी अक्षराला धक्का लागणार नाही. ज्या ग्रंथाच्या प्रकरणांनाच ‘समास’ म्हणतात, त्यात कडेच्या समासाबद्दल इतकी नेमकी सूचना मिळावी हा योगायोग मजेशीर आहे. सतराव्या शतकातली ही सूचना आजच्या कुठल्याही छापखान्याच्या भिंतीवर लावली तर तिच्यातला एक शब्दही बदलावा लागणार नाही.

मोडीचा प्रकार उलटा. दफ्तराचा कारकून आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेई आणि तिला अक्षरं लटकवत जाई. बोरू शक्यतो उचलायचा नाही, शब्द तोडायचा नाही. वेग सगळ्यात महत्त्वाचा. वाचणारा दफ्तरातलाच असल्यामुळे त्याला गेरूची गरज पडत नसे.

वाचणारा परका असू नये म्हणूनच लिहिलेली मराठीही आहे आणि तिचा माग यवतमाळच्या जवळच लागतो. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभावांचं मोठं ठाणं. या पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिले. त्यांतली सकळ लिपी सगळ्यात प्रसिद्ध. तिचं सूत्र साधं होतं. एका अक्षराच्या जागी ठरवलेलं दुसरंच अक्षर किंवा चिन्ह यायचं. किल्ली ठाऊक नसेल तर पान देवनागरीच्या जवळपासचं दिसूनही एक अक्षर लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती उलगडली आणि मराठीच्या पहिल्या गद्याचा खजिना पंथाबाहेरच्या लोकांना खुला झाला. यवतमाळात य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रमाच्या रूपानं संशोधनाचं केंद्र उभं केलं आणि महानुभावांच्या पोथ्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ 1925 साली आलं. ‘कोड’ या शब्दाचा जो मूळ अर्थ, संकेत, त्या अर्थानं लोहाऱ्याच्या आसपास कोड वाचण्याचा धंदा संगणकाच्या कितीतरी आधीपासून चालू होता म्हणायचा.

छपाईच्या धातूच्या खिळ्यांनी मात्र गेरूचं सुख हिरावून घेतलं.

छपाई मराठीत आली तीच अडखळत. 1805 मध्ये मिरजेला तांब्याच्या पत्र्यावर कोरून भगवद्गीता छापली गेली. त्याच वर्षी बंगालात श्रीरामपूरला विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण निघालं आणि 1810 मध्ये त्याचा कोश, तोही मोडी खिळ्यांत. कॅरीच्या हाताखाली हे काम करणारे पंडित वैजनाथ नागपूरचे, म्हणजे मराठी छपाईच्या पहिल्या पानावर वऱ्हाड-नागपूरकडच्या माणसाचा हात आहेच. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात देवनागरी खिळे पाडण्याचं काम रुजलं. गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये शिळाछापावर पंचांग काढलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील पोथी हाती धरायला तयार नव्हती, तेव्हा त्यांनी तुपाची शाई वापरल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. मिशनच्याच छापखान्यात हात बसलेल्या जावजी दादाजींनी 1864 मध्ये स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना घातला आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या निर्णयसागरी अक्षराचं वळण इतकं नेटकं होतं, की संस्कृतचे पंडितही देशभरातून त्याच छापाचे ग्रंथ मागवत.

खिळ्यांची अडचण अशी, की इंग्रजीला शंभराच्या आसपास खिळे पुरतात, पण देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरं धरली तर कित्येकशे. प्रत्येक अक्षर त्याच्या मात्रेसकट एकसंध पाडलं तर त्याला म्हणत अखंड टाईप. दुसरा मार्ग डिग्रीचा. त्यात मूळ अक्षराचा खिळा मधल्या पट्ट्यात, मात्रा आणि रफार वरच्या बारीक पट्ट्यात, उकार खालच्या. जुळारी एका ओळीसाठी खरं तर तीन ओळी जुळवी. खिळे कमी लागत, पण हात जरा ढिला पडला की मात्रा अक्षरावरून सरकलीच, आणि ‘के’चा ‘क’ एकीकडे नि मात्रा शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर. ही कटकट कमी करण्यासाठी टिळकांनी स्वतः डोकं चालवून सुमारे 190 खिळ्यांचा संच आखला होता. गीतारहस्य लिहिणारा माणूस वेलांटीच्या जागेवर विचार करत बसला होता, हे चित्र डोळ्यांपुढे आणण्यासारखं आहे.

या सगळ्यात रंगाचं काय झालं? तो महागला. पोथीत टाक बुडवायची दौत बदलली की तांबडं अक्षर उमटे. ट्रेडल मशीनवर मात्र तांबड्या शब्दांचा फर्मा वेगळा, शाई वेगळी, रूळ धुवायचे, आणि काळं छापून झालेला प्रत्येक कागद पुन्हा एकदा मशीनवर चढवायचा. दुसऱ्या खेपेला कागद सूतभर सरकला तर तांबडा शब्द काळ्यावर चढून बसणार. म्हणून दुरंगी छपाई लग्नपत्रिकेवरच्या गणपतीपुरती, पंचांगापुरती, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठापुरती उरली. आत जोर द्यायचा तर जाड खिळा, नाहीतर पायका आकाराच्या मजकुरात त्याहून मोठ्या ग्रेट आकारातला एखादा शब्द. जयंत साळगावकरांनी 1973 मध्ये ‘कालनिर्णय’ काढलं तेव्हापासून सणावाराचे तांबडे आकडे घराघराच्या भिंतीवर आले. पोथीतला गेरू मराठी माणसाला रोज दिसावा असा तिथंच शिल्लक राहिला.

जागेच्या बाबतीत मात्र छापखान्यानं भरपूर दिलं. शब्दांमध्ये कोरे खिळे आले, ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या आल्या. 1850 च्या सुमारास मेजर कँडीनं स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह यांची रीत मराठीत घालून दिली. मुंग्यांची रांग सुटी झाली, तेव्हा तांबड्या दंडाची निकडही ओसरली.

इंग्रजीकडेही रंगाऐवजी जाडीवर भागवण्याची हीच सवय होती, आणि संगणकाचा कोड छापायची वेळ आली तेव्हा तीच कामी आली. 1960 च्या आल्गोल भाषेचे छापील मसुदे पाहिले तर ‘बिगिन’, ‘एंड’सारखे राखीव शब्द ठळक अक्षरांत दिसतात. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथला 1977 मध्ये आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रूफं पाहून शिसारी आली आणि त्यानं स्वतःच अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली, ती टेक. तिच्यात प्रत्येक अक्षर ही एक पेटी आणि दोन पेट्यांमध्ये गोंद. हा गोंद ठरावीक मर्यादेत ताणतो, आकसतो. जुळारी ओळ भरताना पातळ-जाड कोरे खिळे अदलून-बदलून जे करायचा, तेच इथं गणितानं होतं. 1984 मध्ये नूथनं कोड हा माणसानं वाचायचा मजकूर आहे असं धरून तो छापायची पद्धत मांडली. राखीव शब्द ठळक, चलांची नावं तिरपी. रंग अजून नव्हता.

रंग आला तो शब्दकोशाच्या कामातून, म्हणजे पुन्हा पोथीवाल्यांच्याच हातून. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाचं संगणकीकरण चालू असताना आयबीएमच्या माइक काउलिशॉनं 1985 मध्ये लेक्स हा मजकूर संपादित करायचा प्रोग्रॅम लिहिला. कोशाच्या एका नोंदीत मूळ शब्द, उच्चार, व्युत्पत्ती, अवतरणं यांची जी गुंतागुंत असते, ती नुसत्या एकरंगी पडद्यावर डोळ्यांना झेपेना. म्हणून प्रत्येक अंगाला वेगळा रंग. कोडचे रंग आज आपण गृहीत धरतो, त्यांच्या पहिल्या उदाहरणांत हे एक.

छापील पानावर ते उतरवण्यासाठी टेकच्या घराण्यात 1996 पासून कार्स्टन हाइन्त्सचं लिस्टिंग्ज हे पॅकेज आहे. मुळात ते अजून आल्गोलच्या वळणाचंच. काही न सांगता वापरलं तर राखीव शब्द ठळक, टिपा तिरप्या, रंग अजिबात नाही. रंग हवा तर कीवर्डस्टाइल, कमेंटस्टाइल, स्ट्रिंगस्टाइल या जागी एकेक रंग भरायचा. कोडच्या वर-खाली किती जागा, डावीकडून किती आत, ओळींचे आकडे मजकुरापासून किती दूर, हेही आकड्यांत सांगायचं. शेवटचं अंतर मुळात 10 पॉइंट असतं. कोड रंगवणारा पिग्मेंट्स हा प्रोग्रॅम गेओर्ग ब्रांडलनं 2006 मध्ये लिहिला आणि तो वापरणारं मिंटेड हे पॅकेज नंतर आलं. त्यात तयार रंगसंगतींतली एक निवडली की झालं.

आता या कोडमध्ये एक मराठी टीप लिहून पाहा. ‘वेतन मोजा’, इतकीच.

लिस्टिंग्ज कोडकडे अक्षराअक्षरानं बघतं. मुळात प्रत्येक अक्षराला ते सारख्या रुंदीची पेटी देतं, 0.6 एमची (एम हे अक्षराच्या आकारावरून ठरणारं माप), म्हणजे एकाखाली एक ओळी सरळ रेषेत लागतात. रोमन अक्षरांना हे मानवतं. पण युनिकोडमध्ये ‘वे’ म्हणजे दोन चिन्हं आहेत, ‘व’ आणि मात्रा. पेट्या पाडणाऱ्याला ती एकच अक्षर आहेत हे कळत नाही. मग छापून येतं ते असं: ‘व’, थोडी पोकळी, आणि पुढच्या पेटीत ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली पोरकी मात्रा. ‘मोजा’चंही तेच, तिथं काना-मात्रा सुटी पडते. दीडशे वर्षांपूर्वी डिग्री टाईपनं मात्रा मुद्दाम वेगळी पाडली आणि जुळाऱ्यानं ती बोटांनी परत अक्षरावर नेऊन बसवली. इथं वेगळी पडली ती अजाणता, आणि परत बसवणारी बोटं कुणाची नाहीत.

यावर इलाज आहेत. फ्रान्स वेल्टहाउसनं 1991 मध्ये टेकसाठी देवनागरीची सोय केली होती आणि 2004 मध्ये जोनाथन क्यूच्या झीटेकनं युनिकोड देवनागरी थेट जुळवायला सुरुवात केली. मजकूर तुकडे न करता सलग पुढं गेला, की मात्रा आपोआप जागेवर बसते. त्यामुळे मराठी टिपा असलेल्या कोडला मिंटेडची वाट बरी. लिस्टिंग्जच वापरायचं तर पेट्यांची रुंदी सोडून द्यावी लागते, आणि तरीही जोडाक्षरापाशी ते दगा देतं ते देतंच.

महाराष्ट्रातल्या बहुतेक डीटीपी दुकानांना हा खेळ ठाऊक नाही, कारण ती वेगळ्याच वाटेनं आली. पुण्यात 1988 मध्ये सी-डॅक सुरू झालं, भारतीय लिप्या संगणकावर आणणारं जिस्ट आलं. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी गावोगावच्या पत्रिका, हँडबिलं आणि साप्ताहिकांत पोचली. या जुन्या फाँटांची युक्ती अशी, की आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फक्त पडद्यावर त्यांना देवनागरी रूप दिलेलं असतं. तो फाँट नसलेल्या यंत्रावर मजकूर उघडला किंवा कोडच्या टिपेत चिकटवला, की उरतो तो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा सडा. अक्षराच्या जागी दुसरंच अक्षर, किल्लीशिवाय न लागणारं. सकळ लिपी रिद्धपुरात पंथानं जपली. श्रीलिपीची सकळ लिपी मात्र कुणी गुप्ततेसाठी केलेली नव्हती. त्या काळच्या यंत्रांत देवनागरीला जागाच नव्हती, म्हणून ती झाली. आजही जुन्या अंकांचा मजकूर युनिकोडमध्ये आणताना आधी किल्ली शोधावी लागते.

छपाईच्या दुकानाशी परत यायचं तर काळ्या छपाईपुरता शहाणपणाचा मार्ग आल्गोलनं आधीच दाखवला आहे. राखीव शब्द रंगवण्याऐवजी ठळक ठेवायचे, टिपांना फिकट राखाडी द्यायची, कोडच्या मागे अगदी हलकी छटा आणि भोवती बारीक चौकट. लाल आणि हिरवा एकत्र वापरू नये, कारण काळ्या छपाईत दोघांची राखाडी जवळपास सारखीच होते. ज्यांना रंग हवाच असतो ती पोरं पुष्कळदा मधला मार्ग काढतात. सगळा रिपोर्ट काळ्यात आणि कोडची चार महत्त्वाची पानं रंगीत, मग ती मधे घुसवायची. ट्रेडलवरच्या दुसऱ्या खेपेचाच हा घरगुती अवतार. त्याची खोडही तीच, नीट न बसण्याची. रंगीत पानं वेगळी काढताना वर-खालची जागा जराशी बदललेली असते, म्हणून शेवटच्या ओळीतला एकटा महिरपी कंस पुढच्या पानावर जाऊन बसतो, आणि पुढचं पान तर आधीच काळ्यात छापून झालेलं असतं.

मग बांधणी. काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरांत नाव. लिस्टिंग्ज ओळींचे आकडे मजकुराच्या बाहेर, डाव्या समासात टांगतं, आणि शिवण नेमका तोच समास खाते. रिपोर्ट उघडून ‘ओळ 47 बघा’ म्हटलं की परीक्षक पानाचा मधला घोळ दोन्ही अंगठ्यांनी दाबून आत डोकावतात, आकडा काही दिसत नाही. आधी डावीकडून अर्धा इंच जास्त सोडला असता तर भागलं असतं. दुकानदाराला हे माहीत असतं. तो पुढच्या पोराची फाईल उघडतो आणि प्रिंट देण्याआधी विचारतो, ‘बायंडिंगसाठी समास सोडला का रे?’